ऑक्झॅलिक आम्लाचं मोलर वस्तुमान 90 धरू की 126?

नमस्कार मंडळी. फोंड्यात अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी ऑक्झॅलिक आम्लाचं 0.1 मोलर द्रावण 250 मिली करायचं आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत बाटलीचं लेबल कुजलंय, फक्त नाव वाचता येतं.

निर्जल असेल तर 2 + 24 + 64 = 90, म्हणजे 2.25 ग्रॅम. पाण्याचे दोन रेणू धरले तर आणखी 36, म्हणजे 126 आणि 3.15 ग्रॅम. आकडेमोड येते हो, बाटलीत नेमकं काय आहे तेच कळत नाही! मोरचूद असतं तर त्यात पाणी आहे हे निळ्या रंगावरून ओळखलं असतं, पण हे दोन्ही प्रकार पांढरेच. स्फटिक खडेदार दिसतात, तळाशी थोडी भुकटी आहे.

कॉस्टिक सोड्याशी टायट्रेशन (माहीत तीव्रतेचं द्रावण किती लागतं ते मोजून दुसऱ्याची तीव्रता काढणं) सुचवाल, पण त्याची तीव्रता आम्ही याच आम्लाने ठरवतो. तापवून वजनातली घट पाहावी, तर पाण्याबरोबर आम्लही उडण्याची भीती, शिवाय वाफ विषारी. नवी बाटली पणजीहून येईल, पण सोमवारच्या प्रॅक्टिकलनंतरच.

0.01 ग्रॅमचा तराजू, ब्युरेट, निर्जल सोडियम कार्बोनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. कार्बोनेटवरून हायड्रोक्लोरिक आणि त्यावरून कॉस्टिक सोडा प्रमाणित केला, तर 90 आणि 126 मधला फरक खात्रीने कळेल का? की याहून सोपी चाचणी आहे?