ऑनलाइन धागा: हिंकल फील्डहाऊसच्या (बंदिस्त क्रीडागृहाच्या) जागा कमी केल्या, ते बरं झालं का?

तिकीटबारी: इंडियानापोलिसमधलं बटलर विद्यापीठाचं फील्डहाऊस १९२८ साली उघडलं, तेव्हा त्यात १५,००० माणसं बसत. १९५०पर्यंत बास्केटबॉलसाठी अमेरिकेत याहून मोठं सभागृह नव्हतं. २०१४ला दुरुस्ती संपली, तेव्हा जागा उरल्या जेमतेम ९,१००. भिंती जपल्या, गर्दी घालवली. माझ्या मते हे जतन नव्हे.

लोखंडी कमान: पण १५,००० हा आकडा आला कुठून? बटलर लहान विद्यापीठ, त्याला एवढ्या जागा कशाला लागतात! शहरातल्या ४१ व्यावसायिकांनी कंपनी काढून पैसा उभा केला. इंडियाना राज्यातल्या शाळांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे अंतिम सामने इथे होणार, हे त्या गणितात धरलेलंच होतं. दुसऱ्या महायुद्धात इमारतीची बराक झाली, ती वर्षं सोडली तर १९७१पर्यंत अंतिम सामने इथेच झाले. ते गेले आणि एवढ्या जागांचं कारणही गेलं.

तिकीटबारी: कारण गेलं म्हणून पुरावाही पुसायचा? १९५४ साली मायलनसारख्या छोट्या गावच्या शाळेने मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला इथेच ३२-३० हरवलं. शेवटचा बास्केट बॉबी प्लम्पचा. तो ताण १५,००० लोकांमुळे होता, विटांमुळे नाही.

पाटीपेन्सिल: मायलन सगळ्यांना पाठ असतं. पुढच्याच वर्षी क्रिस्पस अॅटक्स शाळेने अंतिम सामना ९७-७४ असा जिंकला. सगळ्यांना खुल्या राज्य स्पर्धेत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेचं ते पहिलं विजेतेपद. संघात पुढे मोठा बास्केटबॉलपटू झालेला ऑस्कर रॉबर्टसन होता. मिरवणूक मात्र शहराच्या मुख्य चौकात रेंगाळू न देता कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेकडे वळवली. फील्डहाऊसचा इतिहास सांगायचा तर हेही सांगा, नुसता गजर नको.

लोखंडी कमान: मान्य. आता मापं बघा, ढोबळच. बाकावर माणशी १८ इंच धरतात, रांगेची खोली २४ इंच. पाठ असलेल्या खुर्चीला रुंदी साधारण २१ इंच आणि रांगेला ३३ इंच लागतात. १०० फूट लांब, २४ फूट खोल पट्ट्यात बाकांच्या १२ रांगा बसतात, रांगेत ६६ माणसं, म्हणजे ७९२. खुर्च्यांच्या रांगा ८, रांगेत ५७, म्हणजे ४५६. जिने आणि चाकाच्या खुर्च्यांसाठीची जागा यात धरलेलीच नाही. पूर्वीच्या १५,०००मधले निम्मे लोक एकमेकांच्या गुडघ्यावर होते, असं समजा.

तिकीटबारी: मग खालच्या रांगांना खुर्च्या द्या, वर बाकच ठेवा. दुरुस्तीला ३.६ कोटी डॉलर लागले, त्यात एवढं बसलं नसतं?

जुनीवीट: तो पैसा नुसत्या खुर्च्यांवर गेला नाही. विटांचं काम, खिडक्या, सांगाडा, सगळं त्यातच आलं. ८०-८५ वर्षांच्या भिंतीत नेहमीची चूक म्हणजे मऊ विटांच्या दरजांत कडक सिमेंट भरणं. मग आतलं पाणी सांध्यातून सुकत नाही, विटेतून बाहेर येतं. थंडीत ते गोठलं की विटेचा पापुद्रा सुटतो. चुन्याचा मसाला वापरला तर झीज सांध्याची होते आणि सांधा पुन्हा भरता येतो. लोखंडी खिडकीची गत वेगळी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो आणि कोपऱ्यातून काच तडकवतो. नुसती काच बदलून भागत नाही. चौकट खरवडून, प्राइमर मारून, नवी लांबी (पुट्टी) भरावी लागते. हे टाळलं असतं तर आज जागांवर भांडायला छप्पर नसतं.

पाटीपेन्सिल: आणि 'मूळ रूप' कोणतं धरायचं? कोर्ट आधी पूर्व-पश्चिम होतं, १९३३ला उत्तर-दक्षिण केलं. बटलरचे प्रशिक्षक टोनी हिंकल यांचं नाव १९६६ला लागलं. १९८७ला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि दोनच वर्षांनी जागा ११,०००च्या आसपास आल्या. तेव्हा कुणी धागा काढला नव्हता.

तिकीटबारी: तेव्हा धागे नव्हते हो! मुद्दा तोच: छताची मोकळी कमान ठेवून तिच्याखाली जागा कमी करणं हा सोयीचा निर्णय होता. त्याला जतन म्हणू नका.

लोखंडी कमान: सोयीचा होता, हे मीही म्हणतोय. रिकाम्या ६,००० जागा सांभाळणं गैरसोयीचं होतं, एवढंच.