लॅपटॉप मध्येच बंद पडतो: कसा, कधी, आणि शेवटी निघालं काय?

मध्येच बंद पडणाऱ्या लॅपटॉपबद्दल कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "गरम होत असेल", नाहीतर "फॉरमॅट मारून बघ". पहिलं बऱ्याचदा खरं निघतं. दुसऱ्यानं एक रविवार जातो आणि सोमवारी लॅपटॉप पुन्हा बंद पडतो.

म्हणून हा धागा. तुमचा लॅपटॉप बंद पडायचा तेव्हा नेमकं काय व्हायचं ते लिहा. पडदा एका क्षणात काळा व्हायचा, की 'शटिंग डाउन' दाखवून रीतसर बंद व्हायचा? आपोआप परत सुरू व्हायचा का? लगेच बटण दाबलं तर चालू व्हायचा, की थोडं थांबावं लागायचं? चार्जर लावलेला असताना, की काढल्यावर? दुरुस्तीला किती गेले हे नंतर. दुकानाचं आणि कंपनीचं नाव नको. चर्चा तिकडेच वळते आणि लॅपटॉप राहतो बाजूला.

विंडोजवाल्यांसाठी एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि मग 'सिस्टिम'. तिथे ४१ क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' नोंद दिसली की लोक वीजपुरवठाच बिघडला असं धरून नवा चार्जर घेऊन येतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. का, ते ती सांगत नाही. तिच्या तपशिलात 'बगचेककोड' शून्य असेल, तर बहुधा निळा पडदा (विंडोज कोसळल्यावर चुकीचा संदेश दाखवणारा) न येताच वीज तुटली, कुणी बटण दाबून धरलं किंवा मशीन गोठलं. ६००८ ची नोंदही त्याच जातीची. १०७४ दिसली तर मात्र स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा: कुठल्या तरी प्रोग्रॅमनं किंवा माणसानं बंद करायचा हुकूम दिलेला असतो आणि त्या प्रोग्रॅमचं नावही तिथेच असतं.

नागपूर, इमारतींची अंदाजपत्रकं करतो

आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच ४० च्या वर असतं. पंखा आत ओढणार ती हवाच गरम, तो थंड काय करणार? माझा लॅपटॉप हिवाळ्यात कधी बंद पडला नाही. एप्रिल लागला की त्रिमितीतला नकाशा फिरवताना आधी सगळं रेंगाळायचं, पंखा किंचाळायचा आणि मग पडदा काळा. लगेच बटण दाबलं तर कंपनीचं चिन्ह दिसेपर्यंत चालायचा आणि परत जायचा. चहा पिऊन आलो की काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

ते आधीचं रेंगाळणं लक्षात घ्या. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो; बऱ्याच इंटेल प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वेग उतरवूनही निभत नसेल तेव्हाच मशीन वीज तोडतं. म्हणजे उष्णतेमुळे बंद पडणारा लॅपटॉप बहुतेकदा आधी संथ होऊन दाखवतो. 'एचडब्ल्यूइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर घालून ठेवलं तेव्हा बंद पडायच्या आधीचे आकडे ९७, ९९, १०० असेच होते.

पंखा जोरात फिरतोय आणि बाजूच्या फटीला हात लावला तर हवा मात्र नाही, अशी गंमत. उघडून घेतला. वरून पाहिलं तर पंखा स्वच्छ. पंखा बाजूला केल्यावर त्याच्या आणि तांब्याच्या नळीपुढच्या बारीक पात्यांच्या मध्ये धुळीचा अख्खा नमदा बसलेला, बोटानं उचलता येईल असा. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, उलट पात्यांत आणखी घट्ट बसतो. प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, तीही बदलली. नंतर तेच काम करताना ८० ते ८५.

हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं किंवा काडीनं धरून ठेवायचं. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगानं फिरतो आणि बेअरिंग जातं. आणि गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांनी आधी तो पालथा करून खालची जाळी कुठे आहे ते बघावं.

दुकान गाठेपर्यंतचा उपाय: पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. बहुतेक मशीनवर टर्बो, म्हणजे प्रोसेसर गरजेला घेतो तो जादा वेग, बंद होतो, थोडा वेग जातो आणि तापमान चांगलंच उतरतं. उन्हाळा काढता येतो.

पुणे, कर सल्लागार

आमचा बंद पडण्याचा हंगाम जुलै! बॅटरी ३८ टक्के दाखवत असताना खटकन काळोख. इशारा नाही, रेंगाळणं नाही, मशीन हाताला थंडच. चार्जर लावला की दिवसभर काहीही होत नाही. त्यामुळे उष्णतेचा प्रश्नच नव्हता, तरी दोघांनी मला कूलिंग पॅड घ्यायला सांगितलं.

विंडोजमध्येच बॅटरीचा अहवाल काढता येतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करायचं. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. माझ्या अहवालात मूळ क्षमता सुमारे ४१ वॉट-तास आणि आता पूर्ण चार्ज होऊन १९.

पण १९ वॉट-तास हेही काही शून्य नाही, मग ३८ टक्क्यांवर का जावा? बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. नुसतं टाइप करत बसलं तर ती तग धरते. मोठी एक्सेल उघडली, प्रोसेसरनं एकदम वीज मागितली, की व्होल्टेज कोसळतं आणि आतली संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडते. टक्केवारी हा अंदाज असतो, ती या कोसळण्याचा हिशेब धरत नाही. बॅटरी बदलली, प्रश्न मिटला.

जुनी काढली तेव्हा ती मधोमध फुगलेली होती. टचपॅडचं बटण कडक झालं होतं ते त्यामुळेच. ज्यांचा टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो त्यांनी चार्ज करणं थांबवावं, आधी बॅटरी बघून घ्यावी. टोचून हवा काढायचा प्रकार ऐकला आहे. लिथियमच्या बाबतीत तो आग लावायचा उद्योग आहे.

सोलापूर, माध्यमिक शिक्षिका

माझं अगदीच वेगळं. ऑनलाइन तास चालू असताना पडदा काळा, कधीही. शाळेत नीट, घरी बंद. घरी मी फोन लॅपटॉपवरच, मनगटाशेजारी ठेवायचे आणि फोनला पाकिटासारखं मिटणारं चुंबकाचं कव्हर आहे. झाकण मिटलंय की नाही हे लॅपटॉप आतल्या चुंबकावरून ओळखतो, आणि माझ्या कव्हरचं चुंबक बरोब्बर त्या संवेदकावर यायचं. झाकण मिटलं समजून साहेब झोपी जायचे. खूण अशी की दिवा मंद लुकलुकत राहायचा आणि बटण दाबलं की सगळं होतं तिथून पुढे. चुंबकाच्या पट्ट्याचं घड्याळ घालणाऱ्यांनीही तपासावं. एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला तरी असं होतं म्हणे.

ठाणे, लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान

काउंटरच्या या बाजूनं लिहितो. गिऱ्हाईक सांगतं "बंद पडतो". मी विचारतो, हलवल्यावर पडतो का? या एका प्रश्नानं बरंच काम होतं. हलवल्यावर पडत असेल तर डीसी जॅक (चार्जरची पिन जाते ते भोक), बॅटरीचा कनेक्टर, नाहीतर बोर्डाला कुठेतरी सुटलेलं सोल्डर. पिन थोडी वाकडी धरली की चार्जिंगचा दिवा लागतो, असं असेल तर जॅक नक्की.

अॅडॅप्टर मल्टिमीटरनं मोजला, १९ व्होल्ट आले, म्हणून चांगला असं धरू नका. भार टाकल्यावर मोजायचा. खराब अॅडॅप्टर रिकामा असताना छान आकडा दाखवतो आणि लॅपटॉप जोडला की बसतो. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या मधोमध बारीक काडी असते, तिच्यावरून लॅपटॉप अॅडॅप्टर ओळखतो. ती तुटली की मशीन चालतं, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि वेग मुद्दाम कमी केला जातो. मग बॅटरी संपते आणि एक दिवस "अचानक" बंद.

चहा सांडलेले लॅपटॉप त्या दिवशी येत नाहीत. पंख्याखाली वाळवले, चालू झाला, झालं, अशी समजूत. साखरेचा चहा बोर्डावर राहतो, ओल धरतो, तांबं हिरवं पडतं. महिन्याभरानं पॉवरचं बटण आपोआप दाबल्यासारखं होऊन मशीन बंद व्हायला लागतं. ज्यांचं बटण कीबोर्डमध्येच एका कोपऱ्यात आहे त्यांना हा त्रास जास्त. सांडलं तर चार्जर ओढा, बटण दाबून धरून बंद करा, बॅटरी सुटी होत असेल तर काढा आणि त्याच दिवशी उघडून धुऊन घ्या. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, जाळीत दाणे मात्र अडकतात.

रॅमबद्दलही विचारतात. रॅम खराब असेल तर शक्यतो निळा पडदा येतो, मशीन अडकतं किंवा परत सुरू होतं. निव्वळ वीज गेल्यासारखं बंद होण्यामागे रॅम मी फार कमी पाहिली आहे. शंका असेल तर 'मेमटेस्ट८६' रात्रभर लावा. मुंग्या आणि झुरळं हा वेगळा विषय, जेवताना वाचणाऱ्यांसाठी नाही.

छत्रपती संभाजीनगर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

जुना लॅपटॉप घेतला होता, तासाला एकदा बंद व्हायचा. घड्याळ लावून. रीतसर बंद व्हायचा, वीज गेल्यासारखा नाही. विकणाऱ्यानं पंखा बदलून दिला, तरी तासाला बंदच.

वर ज्या १०७४ नोंदीबद्दल लिहिलंय तीच होती, आणि प्रोग्रॅमचं नाव 'डब्ल्यूएलएमएस'. शोधल्यावर कळलं की हा विंडोजच्या परवान्यावर लक्ष ठेवणारा भाग आहे. मशीनवर विंडोज एंटरप्राइजची चाचणीसाठी मिळणारी ९० दिवसांची आवृत्ती टाकलेली होती. मुदत संपली की ती दर तासाला मशीन बंद करते. ही तिची ठरवलेली वागणूक आहे, बिघाड नव्हे. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, कारखान्यातूनच होम आवृत्तीचा परवाना होता. होम आवृत्ती टाकली, इंटरनेट जोडलं, ती आपोआप चालू झाली. म्हणजे या धाग्यात 'फॉरमॅट मार' हा सल्ला लागू पडलेला बहुधा मी एकटाच.

जुना घेताना डेस्कटॉपचा उजवा खालचा कोपरा (चाचणीची आवृत्ती असेल तर तिथे तसं लिहिलेलं असतं) आणि सेटिंग्जमधलं अॅक्टिव्हेशन बघून घ्या.

गुहागर, घरगुती मुक्कामाची सोय चालवतो

पावसाळ्यात दिवे मिचकावतात तसा माझा लॅपटॉपही जायचा. बॅटरी पार मेलेली, मशीन थेट अॅडॅप्टरवर. इन्व्हर्टर आहे, पण तोही 'नॉर्मल' मोडवर होता. वीज गेल्यावर बॅटरीवर यायला त्या मोडमध्ये जो अवकाश लागतो तो बल्बला कळत नाही, लॅपटॉपला कळतो. मागचा खटका 'यूपीएस' मोडवर केला, त्यात बदल फार झटकन होतो. नवी बॅटरी घ्यायला चिपळूणला जाईपर्यंत अख्खा श्रावण त्यावर निघाला. विजा चमकत असतील तर मात्र पिन काढूनच ठेवतो, मग पाहुण्यांची नोंद वहीत.

विनिपेग, कॅनडा

नागपूरकरांच्या उलट टोकाचा अनुभव. जानेवारीत उणे २५ मध्ये पाठीवर लॅपटॉप घेऊन बसची वाट पाहिली, वर्गात उघडला, बॅटरी ६० टक्के, आणि दोन मिनिटांत बंद. खोलीच्या तापमानाला आल्यावर तीच बॅटरी पुन्हा ठीक. थंडीत लिथियम बॅटरीचा आतला रोध वाढतो, म्हणजे पुणेकरांनी सांगितलं तेच, फक्त तात्पुरतं. आता आत आल्यावर बॅग न उघडता ठेवून देतो. गार मशीनवर उबदार हवेतलं पाणी धरतं, ते त्याहून वाईट.

बंगळूर, लिनक्सवाला

इव्हेंट व्ह्यूअर आमच्याकडे नाही. 'जर्नलसीटीएल' या कमांडला मागच्या बूटच्या, म्हणजे मागच्या वेळी मशीन सुरू होतं तेव्हाच्या, नोंदी मागा आणि शेवटच्या ओळी वाचा. 'क्रिटिकल टेंपरेचर रीच्ड' असं दिसलं तर नागपूरचा अनुभव पुन्हा वाचा. नोंदी मध्येच तुटल्या असतील तर ठाण्याचा.

पिंपरी, रात्री गेम खेळणारा

सी-टाइपचा ६५ वॉटचा चार्जर आणि १८० वॉट मागणारा लॅपटॉप. चार्जर लावलेला असूनही गेममध्ये बॅटरी उतरत जायची, आणि ती संपली की बंद. सोबत आलेला जड अॅडॅप्टर ऑफिसला न्यायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

नाशिक, डीटीपीचं काम घरून

सगळं वाचलं, तरी माझं कशात बसत नाही. तापमान ७० च्या आत. बॅटरीचा अहवाल चांगला. ४१ ची नोंद, कोड शून्य. टेबलावर असेल तर आठवडा आठवडा काही नाही. डावीकडून उचलला की कधीतरी जातो, चार्जर असो वा नसो.

ठाणे, दुकान

चार्जर नसतानाही जातो म्हणताय, मग जॅक नाही. बॅटरीचा कनेक्टर सैल असेल किंवा डाव्या बाजूला बोर्डावर दाब येत असेल. बाजूच्या कडेचा एखादा स्क्रू आधी कुणी लांब घातलाय का, तेही बघा. तो बोर्डाला टेकतो. बॅटरी बाहेरून सुटी होते का?

नाशिक

नाही, आत आहे. दीड वर्षापूर्वी रॅम वाढवून घेतली तेव्हा उघडला होता. डावीकडच्या दोन स्क्रूंची डोकी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसतायत खरी. हातातला अंक छापायला गेला की उघडून घेते आणि इथेच लिहिते.