पार्किंगमधलं पाणी आणि पाटलांची स्ट्रिप

सेक्रेटरी, ए-१०२: पंप चालू केलाय. बी विंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आहे, उद्या दुपारपर्यंत लिफ्ट बंद. कृपया मला फोन करू नये 🙏

बी-४०४ सावंत काकू: कुणाकडे डॉक्सीच्या, म्हणजे डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या, गोळ्या आहेत का? हे काल वंदना टॉकीजपाशी गुडघाभर पाण्यातून चालत आले. चप्पल चावून टाचेचं सालपट निघालंय. मला लेप्टोची, त्या पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाची (लेप्टोस्पायरोसिस), भीती वाटतेय.

सी-२०१ पाटील: आहेत काकू. मागच्या पावसाळ्यातल्या चार उरल्यात. वॉचमनकडे ठेवतो.

ए-६०३ डॉक्टर वहिनी: पाटील, थांबा. एक्सपायरी काय आहे?

सी-२०१ पाटील: तारीख होती तोच तुकडा केमिस्टने कापून दुसऱ्याला दिला वाटतं 😅 लाल रेघ तेवढी दिसतेय.

ए-६०३ डॉक्टर वहिनी: मग त्या टाकूनच द्या. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं औषध आहे हे. या घराण्यातल्या मुदत संपलेल्या गोळ्यांनी किडनीला त्रास झाल्याच्या जुन्या नोंदी आहेत. आणि ती लाल रेघ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे सांगायला छापलेली असते.

सी-२०१ पाटील: मला तर चिठ्ठी न मागता दिल्या होत्या.

ए-६०३ डॉक्टर वहिनी: देतात, माहितीये. त्यावर बोलायला बसले तर रात्र जाईल.
काकू, तुमची भीती रास्त आहे. उंदरांच्या, कुत्र्यांच्या, गुरांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात आणि अशाच सालपटातून आत शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याचीच साथ आली होती. गोळी शक्यतो ७२ तासांच्या आत घ्यायची असते, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. पण नुसतं पाण्यातून चाललेल्याला एक डोस, जखम असलेल्याला वेगळा आणि रोज पाण्यात काम करणाऱ्याला आणखी वेगळा. म्हणून काकांना डॉक्टरांकडे दाखवूनच गोळी द्या. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? ते आवर्जून सांगा, डॉक्सीने तिचा असर वाढू शकतो.

बी-४०४ सावंत काकू: हो, चालू आहे! बरं झालं बोललात. आत्ताच पाठवते यांना दवाखान्यात.

सी-५०२ मेघना: वहिनी, आमचं पिल्लू सहा वर्षांचं. सकाळी पार्किंगमध्ये होड्या सोडत होतं. अर्धी गोळी देऊ का?

ए-६०३ डॉक्टर वहिनी: अजिबात नाही. आठ वर्षांखालच्यांना ही आपल्या मनाने देत नाहीत, पक्क्या दातांवर डाग पडायची भीती असते. गरोदर बाईलाही नाही. साबणाने पाय धुऊन कुठे खरचटलंय का बघ आणि बालरोगतज्ज्ञांना विचार. त्यांच्यासाठी दुसरं औषध असतं.

सी-२०१ पाटील: डेंग्यूलाही हीच चालते ना?

ए-६०३ डॉक्टर वहिनी: डेंग्यू विषाणूचा. त्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. आणि डॉक्सी घेतली म्हणून लेप्टो होणारच नाही असंही नाही. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर "पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

बी-७०१ जोशी आजोबा: डॉक्सी गिळायची कशी, ते मला विचारा. तीन वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला दोन घोट पाण्याबरोबर कॅप्सूल घेतली आणि लगेच आडवा झालो. पहाटे छातीच्या मधोमध कोणी निखारा ठेवल्यासारखं वाटलं. हार्ट अटॅकच समजलो. मुलाने त्या पावसात रिक्षा शोधली. ईसीजी नॉर्मल! दुर्बिणीतून बघितलं तर अन्ननलिकेत व्रण. आठ दिवस मऊ भात, आणि तोही गिळताना डोळ्यांत पाणी यायचं.

सी-२०१ पाटील: बापरे. एका कॅप्सूलने?

ए-६०३ डॉक्टर वहिनी: हो, ती नळीत चिकटून तिथेच विरघळते. म्हणून भरपूर पाणी, पेलाभर तरी, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पोळीभाजी खाऊन घेतली तरी चालते, मळमळ कमी होते. ॲसिडिटीचं औषध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि दूधही दोनेक तास लांब ठेवा, नाहीतर औषध अंगी लागत नाही. उन्हाने त्वचा भाजू शकते, पण सध्या ऊन आहे कुठे!

सेक्रेटरी, ए-१०२: पार्किंगमधलं पाणी उतरलं. गाळ काढायला माणसं सकाळी येतील, त्यांच्यासाठी गमबूट आणि हातमोजे सोसायटीच्या खर्चातून आणतोय. कुणी हरकत घेऊ नये.

बी-४०४ सावंत काकू: हे आले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रक्त तपासायलाही सांगितलंय. जेवून पहिली घेतली, पेलाभर पाणी पाजलं. आता सोफ्यावर बसवून ठेवलंय, पण जांभया देतायत, पडतो म्हणतात.

बी-७०१ जोशी आजोबा: पडू देऊ नका. फोन द्या त्यांना, मी अर्धा तास बोलत बसतो.