तडजोडीत गप्प राहायचं कबूल केलं, म्हणून कोर्टाने तोंड बंद करावं?

रामबागवाला, इंदूर
आत्याच्या इमारतीत पार्किंगच्या स्लॅबचं प्लास्टर पडलं. आतल्या सळया गंजून पापुद्रे सुटलेल्या. आत्या आणि शेजाऱ्यांनी मिळून बिल्डरवर दावा लावला, मग तडजोड झाली, पैसे मिळाले. करारात कलम घातलं: दोष, तडजोड, रक्कम, कशाबद्दलही कुणाकडे बोलायचं नाही. आता शेजारच्याच प्लॉटवर त्याच बिल्डरच्या नव्या इमारतीचं बुकिंग चालू आहे. शेजारच्या काकांनी चौकशीला आलेल्या एका जोडप्याला सळयांचे फोटो दाखवले, तर बिल्डरने स्टे, म्हणजे बोलायला मनाई करणारा कोर्टाचा हुकूम, आणला.

रक्कम गुप्त ठेवा, माझी काही हरकत नाही. पण दुसऱ्याच्या जिवाला धोका असलेली गोष्ट दडवायला कोर्टाने हातभार का लावावा? करार कायद्याचं (1872) कलम 23 सांगतं, सार्वजनिक धोरणाविरुद्ध उद्देशाचा करार रद्दबातल. हे त्यातच बसतं.

पलासियातला वकील
मला हे पटत नाही. बिल्डरने पैसे मोजले ते बरेचसे गप्प राहण्यासाठीच. ते कलम काढलं की तो म्हणेल, चला, लढू. मग तुमच्या आत्याबाई वर्षानुवर्षं तारखा घेत बसतील. मी अशी वयस्क माणसं रोज बघतो, त्यांना निकाल नको असतो, हातात पैसे हवे असतात. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या (1963) कलम 42 प्रमाणे ‘अमुक करणार नाही’ हे वचन कोर्ट मनाई हुकमाने पाळायला लावू शकतं. आणि एकदा बोललेलं परत घेता येत नाही, म्हणून नुसती भरपाई पुरत नाही.

सुदामानगर
आम्ही सध्या घर शोधतोय. म्हणजे ते जोडपं आम्हीही असू शकलो असतो. करार तुमच्या दोघांतला, त्याची किंमत आम्ही का मोजायची?

रामबागवाला, इंदूर
वकीलसाहेब, करारातच लिहिलंय की बोललात तर अमुक रक्कम परत करा. म्हणजे बोलण्याची किंमत दोघांनी आधीच ठरवली. मग ती मागावी, वर स्टे कशाला? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 नियम 2-अ प्रमाणे स्टे मोडला तर मालमत्तेची जप्ती, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. एवढं ऐकल्यावर काका आता गळक्या नळाबद्दलही बोलायला घाबरतात.

बडोदेकर
स्टे आहे म्हणून सगळीच दारं बंद झाली असं समजू नका. त्याच स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम 41 वाचा: फौजदारी कारवाई करण्यापासून कुणाला रोखणारा मनाई हुकूम देता येत नाही. शिवाय रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. तुमच्या इमारतीतल्या ज्यांनी तडजोडीवर सही केली नाही, त्यांना हा रस्ता मोकळा आहे.

पलासियातला वकील
हे बरोबर. स्टे एकतर्फी, म्हणजे तुमची बाजू न ऐकता दिलेला, असेल तर त्याच ऑर्डर 39 च्या नियम 4 खाली उठवण्याचा अर्ज करा, कलम 23 चा मुद्दा तिथे मांडा. मात्र तोवर फोटो कुणाला दाखवू नका. आणि माझं मत तेच आहे: सही करण्याआधी ‘जिवाला धोका असलेले दोष वगळून’ एवढे शब्द घालून घ्यायला हवे होते.

रामबागवाला, इंदूर
ते शब्द घालायला सांगणारं आत्याजवळ कोणी नव्हतं. तिच्या वकिलानेही नाही सांगितलं. अर्ज या आठवड्यात लावतोय, इंजिनिअरचा रिपोर्ट जोडून. तोवर बुकिंग चालूच राहणार, माझा आक्षेप त्यालाच आहे.