मदत हवी आहे: एमडी सुटल्यावर दारुहळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, होटगी रोडला राहतो. धाकट्या भावाला एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाची सवय लागली होती. सोडून ४१ दिवस झाले. पण झोप नाही, चिडचिड, पोट पार बिघडलेलं. आई कडक भाकरी दुधात कुस्करून देते, हा दोन घास खाऊन ताट सरकवतो.

आता एका नातेवाइकांनी बर्बेरीनच्या, म्हणजे दारुहळदीतल्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्यात. आतड्यातले जिवाणू सुधारले की तलफ जाते म्हणे. वाचलं तर २०१६ साली उंदरांवर प्रयोग झालाय: अँटिबायोटिक देऊन जिवाणू घटवले, तर कोकेनची ओढ वाढली. म्हणजे संबंध दिसतो, पण उंदीर तो उंदीर! शिवाय बर्बेरीनमुळे काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, आणि याला मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत. डबी फ्रिजवर पडून आहे, सील तसंच. डॉक्टरांची तारीख गुरुवारी आहे, त्यांना दाखवणारच.

कुणाच्या घरी हे घडलंय का? पोट आणि झोप कधी रुळावर आली? १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा अनुभव कसा आहे? आणि नातेवाइकांना न दुखावता नाही कसं म्हणायचं, तेही सांगा.