डीपीला शिव्या घालण्याआधी खिडकीतला हॅलोजन बघा

तिसरा_मजला (कोथरूड)
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. सार असं: प्रत्येक पेशीत घड्याळ असतं, त्या शोधाला नोबेल मिळालंय, कमी वारंवारितेच्या विद्युतचुंबकीय क्षेत्राने ते बिघडतं हे सिद्ध झालंय, म्हणून डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) हलवा, वायफाय बंद करा आणि गादीवर अर्थिंगची चादर घाला. खाली चादरवाल्याचा नंबर. ग्रुपवर चार ओळींच्या वर लिहिलं की लोक चिडतात, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात खरी आहे, म्हणूनच जास्त राग येतो. 2017 चं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना फळमाशीचं घड्याळ चालवणाऱ्या पीरियड जनुकावरच्या कामासाठी मिळालं. त्यात विजेच्या तारांचा काही संबंध नाही. विद्युतचुंबकीय क्षेत्राचा प्रयोग वेगळा, 2014 चा. माश्या मंद निळ्या उजेडात, क्षेत्र 300 मायक्रोटेस्लापर्यंत (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप). 3 आणि 50 हर्ट्झला त्यांचं घड्याळ जरा जलद चाललं, आणि क्रिप्टोक्रोम हे प्रथिन नसलेल्या माश्यांत तो परिणाम दिसला नाही. आपल्या घरांत साधारण 0.1 मायक्रोटेस्ला किंवा त्याहून कमी असतं. शिवाय माशीचं क्रिप्टोक्रोम प्रकाश टिपतं, आपल्या घड्याळात त्याचं काम निराळं आहे. आणि वायफाय गिगाहर्ट्झमध्ये चालतं, ते यात आलंच कुठून?

समोरच्या साइटवरचा हॅलोजन रात्रभर आमच्या बेडरूममध्ये पडतो. मेंदूतल्या मुख्य घड्याळाला डोळ्यांतून थेट निरोप जातो तो उजेडाचा. त्याबद्दल ग्रुपवर अवाक्षर नाही.

डीपीशेजारी (धायरी)
0.1 कोणाच्या घरात हो? आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे डीपी आहे. आई इथे आल्यापासून पहाटे दोनला उठून बसते, गावी गेली की गाढ झोपते. तुम्ही कोथरूडमध्ये बसून मायक्रोटेस्ला मोजा.

माश्याच कशाला, माणसांवरही काम झालंय. जर्मनीत अँडेक्सला वेव्हर या संशोधकाने जमिनीखालच्या खोल्यांत माणसं घड्याळाविना ठेवली होती, एक खोली बाहेरच्या क्षेत्रांपासून झाकलेली. झाकलेल्या खोलीत शरीराचा दिवस लांबला, 10 हर्ट्झचं अगदी क्षीण क्षेत्र सोडल्यावर आखडला. क्षीण! तुमचे 300 नव्हेत. आणि 2002 मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) ही क्षेत्रं 2बी, म्हणजे "कदाचित कर्करोगकारक" गटात टाकली, ते काय उगाच?

तिसरा_मजला
अँडेक्सचं काम मला मोलाचंच वाटतं. पण तिथे माणसं दिवे स्वतः लावत-विझवत होती, आणि त्या दिव्यांनीच घड्याळ सरकत होतं. तिथे दिवस 25 तासांच्या आसपास निघाला. 1999 मध्ये उजेड काटेकोर मंद ठेवून झायस्लर या संशोधकाने मोजला तेव्हा 24.2 निघाला. म्हणजे तिथेही उजेडच. आणि 2बी आहे ते मुलांच्या रक्ताच्या कर्करोगामुळे, झोपेमुळे नव्हे.

जुना_वायरमन
डीपी गुणगुणते ती गाभ्याच्या पत्र्यांच्या थरथरीने, आपल्या विजेच्या 50 हर्ट्झच्या दुप्पट म्हणजे 100 हर्ट्झला. भिंतीला लागून असेल तर घरात घुमतेच. ताई, आईंची झोप आवाजानेही मोडत असेल. क्षेत्र म्हणाल तर ते अंतराबरोबर भराभर उतरतं. वायरिंगमध्ये न्यूट्रलची गडबड असेल तर मात्र घरातच वाढतं. आधी ते तपासून घ्या.

निशाचर (हिंजवडी)
2बी वर भांडताय, इकडे रात्रपाळी 2007 पासून 2ए ("बहुधा कर्करोगकारक") मध्ये आहे, एक पायरी वर. आमच्या गाड्या पहाटे पाचला सोडतात, घरी पोचेस्तोवर ऊन. कधी कोणी सोसायटीची मीटिंग घेतली आमच्यासाठी?

बसवाली_आई
घड्याळाचाच विषय आहे तर शाळेचं बोला. माझा मुलगा नववीत, सातची शाळा, सहाला बस. रात्री बारापर्यंत झोप येत नाही, सकाळी उठवताना रोज रडारड. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने निर्णय काढला, चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी नकोत. मोठ्या मुलांचं काय?

निशाचर
मोबाइल काढून घ्या, येईल झोप. आम्ही पण सातच्या शाळेत गेलो.

बसवाली_आई
दहाला काढून घेते. तो अंधारात जागा पडून असतो. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, हा मुलांचा आळशीपणा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये साडेआठच्या आधी शाळा नको म्हटलं, ते मोठ्या मुलांसाठीच. लहान मुलं आपण होऊन सहाला उठतात. आपण बरोबर उलटं केलं.

जुना_वायरमन
दोन सत्रांच्या शाळेला दुसऱ्या वर्गखोल्या कुठून आणणार? आणि नऊला सगळ्या बस रस्त्यावर आल्या तर सिंहगड रोडचं काय होईल?

बसवाली_आई
काका, रस्ता मोकळा राहावा म्हणून मुलांनी झोप सोडायची?

निशाचर
माझी मुलगी तिसरीत. शाळा नऊला गेल्यापासून मी पाळीवरून येतो तेव्हा ती भेटते तरी. तेवढंही काढून घेऊ नका. मोठ्यांचं खरं असेल, पण लहानांचं बदलू नका.

डीपीशेजारी
माझ्या आईचा प्रश्न शाळेत गेला वाटतं?

तिसरा_मजला
नाही ताई. तुमच्या भिंतीपलीकडे डीपी आहे ही तक्रार योग्यच आहे. माझा विरोध चादरीला आणि "सिद्ध झालंय" म्हणण्याला आहे. 2023 मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत छापलेल्या कामात माश्यांच्या चुंबकसंवेदनेचे गाजलेले काही प्रयोग प्रचंड संख्येने माश्या घेऊन पुन्हा केले, काहीच मिळालं नाही. ते प्रयोग घड्याळाचे नव्हते, पण माशीतसुद्धा हा विषय अजून मिटलेला नाही. त्यावर चादर विकणं म्हणजे झोप न येणाऱ्या माणसाला लुबाडणं.

डीपीशेजारी
चादर मी घेतलेली नाही, हे आधीच विचारायचं होतं. आणि "मिटलेला नाही" म्हणता ना, मग "काही होत नाही" असंही म्हणू नका.

तिसरा_मजला
ठीक. नाही म्हणत.

जुना_वायरमन
माझ्या भाच्याकडे गॉसमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र आहे. रविवारी आणतो. भिंतीजवळ, पलंगाच्या उशाशी आणि मेन स्विच बंद करून, तिन्ही वेळा मोजू.

डीपीशेजारी
या. पण आकडा कमी आला तरी डीपी हलवायचा अर्ज मी मागे घेणार नाही. आवाजासाठी का होईना, ती तिथे नको. आणि आईच्या पलंगावर पथदिव्याचा उजेड पडतो, तेही बघून जा.