मदत हवी आहे : समुद्राकाठीच राहणाऱ्या कुटुंबाला दक्षिणेत समुद्राकाठीच निवांत राहायचे आहे

नमस्कार. आम्ही रत्नागिरी आणि गणपतीपुळे यांच्या मधल्या एका गावात राहतो. घराच्या मागच्या अंगाच्या चार खोल्या गेली १२ वर्षे पर्यटकांना देतो आणि त्यांचा चहा, नाश्ता व दोन वेळचे जेवण मी आणि सासूबाई मिळून करतो. इतरांचे जे फिरण्याचे दिवस, म्हणजे दिवाळी, नाताळ आणि मे महिना, तेच नेमके आमचे राबण्याचे दिवस असल्यामुळे आम्ही पाच जण मिळून सलग चार दिवस कुठे राहिलो आहोत असे फारसे घडलेले नाही. यंदा सासूबाईंना ७० वर्षे पूर्ण झाली. काय हवे असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "समुद्र असू दे, पण ताट मला कोणीतरी वाढू दे."

तेव्हा समुद्र सोडून पुन्हा समुद्राकडेच का जाता, हा प्रश्न कृपया विचारू नये. तो शेजाऱ्यांनी विचारून झाला आहे.

आधीचा एक अनुभव सांगते, म्हणजे आम्हाला काय नको आहे ते कळेल. चार वर्षांपूर्वी आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर केरळला गेलो होतो. सहा दिवसांत मुन्नार, थेक्कडी, अलप्पुळा आणि कोवळम असा कार्यक्रम होता. बहुतेक वेळ घाटातल्या वळणांवर गाडीत गेला, धाकटीला प्रत्येक वळणावर मळमळले आणि ज्या कोवळमसाठी सासूबाई निघाल्या होत्या, तिथे चाळीस मिनिटे मिळाली. त्यामुळे या वेळी स्थळे पाहायची नाहीत. एकच मुक्काम, पाच रात्री, सकाळ-संध्याकाळ पाण्याकाठी बसणे आणि दुपारी झोप, एवढेच हवे आहे.

वेळेचा पेच असा आहे की नाताळची गर्दी ओसरल्यावर आम्हाला संक्रांतीनंतरचे आठ-दहा दिवस मोकळे मिळतात. त्या सुमारास आंब्याला मोहोर असतो, त्यामुळे यजमानांना दोन फवारण्यांच्या मधल्या दिवसांतच निघता येईल. मुलांची (सातवी आणि तिसरी) शाळा आठवडाभर बुडेल. त्याबद्दल बाईंशी बोलणे झाले आहे. दिवाळीनंतरचे दिवसही चालले असते, परंतु केरळात, विशेषतः दक्षिण भागात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या मोसमाचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो असे वाचले, म्हणून तो विचार सोडला. विमानाने जायचे नाही. कोकण रेल्वे दाराशी असताना मुंबई किंवा गोवा गाठून उडण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

माझ्या मनात तीन ठिकाणे आहेत. पहिले उडुपीजवळचे मालपे किंवा पडुबिद्री. मत्स्यगंधा एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी उतरता येते, सासूबाईंना कोकणीतून चार शब्द बोलता येतील आणि आपल्या घावनांचा सख्खा भाऊ असलेला नीर डोसा मिळाल्यावर मुलांच्या खाण्याची चिंता राहणार नाही. दुसरे उत्तर केरळातले कन्नूर. तिसरे दक्षिण केरळातले वर्कला. वर्कलाचे मला विशेष आकर्षण आहे, कारण तिथला समुद्राकाठचा कडा आपल्यासारख्याच जांभ्याचा आहे. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे आणि या दगडाचे लॅटेराइट हे नाव १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारातल्या अंगाडिप्पुरमच्या दगडावरून रूढ केले, हे कळल्यापासून तिकडचा दगड एकदा हाताने चाचपून पाहावा असे वाटते. पण सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. कड्यावर राहायचे आणि रोज पायऱ्या उतरून पाण्याकडे जायचे, हे त्यांना झेपणार नाही. वर्कलाला खाली, वाळूच्या पातळीवर राहण्याची सोय आहे का?

दुसरी शंका पाण्याची आहे. आमच्या मुलांना समुद्र ठाऊक आहे, परंतु तो आमचा समुद्र. आमच्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत दोन मीटरांहून अधिक फरक पडतो. ओहोटीला पाणी लांब जाते आणि मागे ओली, घट्ट पुळण उरते, तिच्यावर मुले क्रिकेट खेळतात आणि सासूबाईही न रुतता चालतात. दक्षिणेकडे हा फरक कमी होत जातो आणि कोचीला जेमतेम मीटरभर असतो, असे समजते. मग तिथे चालण्याजोगी घट्ट वाळू मिळते का, की पाण्याच्या कडेपर्यंत मऊ, उतरती वाळूच असते? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण दुखऱ्या गुडघ्यांना मऊ वाळूतली पन्नास पावले पायऱ्यांइतकीच जड जातात.

खोलीबाबत माझ्या अटी मोजक्या आहेत : तळमजला, कमोड, न्हाणीघरात धरायला दांडी आणि समुद्र खरोखरच जवळ. शेवटच्या अटीवर माझा भर आहे, कारण आम्हीही पाहुण्यांना "समुद्र पाच मिनिटांवर आहे" असेच सांगतो आणि ती पाच मिनिटे आमच्या पायांची असतात. प्रवासखर्च धरून ६० हजार रुपयांपर्यंत तयारी आहे. जेवण मासळीचे चालेल, नव्हे, हवेच आहे. सोमवारी आणि संकष्टीला मात्र सासूबाईंना शाकाहारी लागते.

वयस्कर माणसांना घेऊन यांपैकी कुठे राहिला असाल, तर कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

नोकरीनिमित्त नऊ वर्षे मंगळूरला आहे, म्हणून लिहितो. तुम्ही निवडलेली वेळ उत्तम आहे. मे महिन्यात आला असता तर मी थांबवले असते, कारण पावसाळ्याआधीच्या महिन्यांत केरळच्या किनाऱ्यावर 'कळ्ळक्कडल' येतो. स्थानिक वारा नसताना, दूर दक्षिणेकडच्या महासागरात उठलेल्या लाटा अचानक किनाऱ्यावर चढतात. कोळ्यांनीच त्याला 'चोरटा समुद्र' या अर्थाचे हे नाव दिले आहे.

वाळूबद्दलची तुमची शंका योग्य आहे. वर्कला आणि कोवळम येथे किनारा पाण्यात झटकन खोल होतो, लाट अगदी काठाशी फुटते आणि आत ओढणारे प्रवाहही असतात. जीवरक्षक आणि लाल झेंडे असतात, पण आजीला निवांत बसू देणारे ते पाणी नाही. नातवंडांवरून त्यांची नजर हलणार नाही. मी कन्नूर सुचवीन. नेत्रावती एक्स्प्रेसने संध्याकाळी रत्नागिरीहून निघालात की सकाळी कन्नूरला उतरता, म्हणजे एकच रात्र गाडीत जाते. वर्कलाला त्याच गाडीने जवळजवळ चोवीस तास लागतात. कन्नूरच्या दक्षिणेला तोट्टडा भागात समुद्राकाठी घरगुती मुक्काम आहेत आणि जेवण घरच्या बाईच्या हातचे असते. थोडे पुढे मुळप्पिलंगाडची सुमारे चार किलोमीटरांची पुळण आहे. ती इतकी घट्ट आहे की तिच्यावरून मोटारी चालतात, आणि समोरच्या काळ्या खडकांमुळे तिथले पाणी उथळ व शांत असते. सासूबाईंना चालायला याहून चांगली वाळू मिळणार नाही.

आमटीत आमसुलाऐवजी कुडम्पुळी असेल; तीही कोकमाच्याच कुळातली आहे, फक्त धुरावर वाळवलेली असल्यामुळे काळी दिसते. तेल खोबऱ्याचे असते, त्याची मनाची तयारी ठेवावी. तिकिटे प्रवासाच्या ६० दिवस आधी खुली होतात. खालचे बर्थ हवे असतील तर त्याच सकाळी काढावीत.

प्रतिसाद २

वर्कलाला आईला घेऊन गेले होते. जनार्दनस्वामी मंदिराकडच्या बाजूने गाडी पापनाशम किनाऱ्यापर्यंत खाली जाते, त्यामुळे पायऱ्या टाळता येतात. परंतु तो भाग पितृकार्य करणाऱ्यांचा आहे; सकाळपासून पिंडदानाचे विधी चालू असतात. माझ्या आईला ते आवडले, निवांतपणा मात्र मिळाला नाही. चांगली उपाहारगृहे वर कड्यावर आहेत, त्यामुळे जेवायला रोज वर जावे लागले.

धागालेखिकेचे उत्तर

दोघांचे मनापासून आभार. कन्नूर नक्की केले आहे आणि जांभ्याची हौसही तिथे भागेल असे दिसते, कारण त्या जिल्ह्यातही घरे चिऱ्यांची बांधतात. वाळूवर मोटारी चालतात हे वाचून मात्र मी दचकले. आमच्याकडे दर मोसमात दोन-तीन गाड्या पुळणीत रुततात आणि भरती चढू लागली की मालक दोरखंड मागायला आमच्याच दारात येतात. आम्ही तिथे सकाळी सहालाच जाऊ, गाड्या यायच्या आत.

जानेवारीत तिकडे तेय्यमचा, म्हणजे देवाचे रूप घेऊन नाचण्याच्या विधीचा, हंगाम असतो असे कळल्यावर यजमान एक रात्र त्यासाठी काढण्याच्या गोष्टी करू लागले आहेत. रात्रभर देवळाच्या अंगणात बसणे निवांतपणात मोडते की नाही, याचा निर्णय मी सासूबाईंवर सोपवला आहे. त्या गावच्या जत्रेत दशावतार संपेपर्यंत उठत नाहीत, त्यामुळे तो काय लागेल हे दिसतेच आहे.

तोट्टडा येथील एका घरी काल फोन केला. तळमजल्याची खोली आहे, कमोड आहे, दांडी नाही. पण आम्ही येण्याआधी बसवून घेऊ असे त्या बाई म्हणाल्या. समुद्र किती दूर आहे असे विचारल्यावर त्यांनी मिनिटे न सांगता फोन खिडकीबाहेर धरला, आणि लाट ऐकू आली. मग त्यांनी मला तोच प्रश्न विचारला जो मी १२ वर्षे प्रत्येक पाहुण्याला फोनवर विचारत आले आहे : जेवणात काय चालत नाही? मी सोमवार आणि संकष्टीचे सांगायला लागले, तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तिला सांग, तू करशील ते चालेल."

आता एवढेच विचारायचे राहिले आहे की नेत्रावतीत रात्रीचे जेवण मागवावे, की घरून दशमी आणि चटणी बांधून घ्यावी?